झालं गेलं नदीला मिळत नाही

भाऊबंदकीतलं भांडण मिटवायला बसलं की आपल्याकडे एखादं वडीलधारं माणूस हमखास म्हणतं, "जाऊ दे आता, झालं गेलं गंगेला मिळालं." घरापुरतं या वाक्याचं मोल मला मान्य आहे. बांधाच्या वादापायी वर्षानुवर्षं अबोला धरलेले चुलतभाऊ या एका वाक्यावर पुन्हा एका पंगतीला बसलेले मी पाहिलेत. पण हेच वाक्य सरकारच्या तोंडी आलं आणि ज्याचं माणूस गेलंय त्याला ऐकवलं गेलं, की त्याचा अर्थ पार बदलतो. घरात क्षमा करतो तो नुकसान सोसलेला माणूस. सरकार बोलतं तेव्हा नुकसान करणाराच स्वतःला क्षमा करून घेत असतो.

अर्जेंटिनात झालं गेलं खरोखरच पाण्याला मिळवण्यात आलं होतं. डिसेंबर 1977मध्ये ब्युनोस आयर्समधून तीन दिवसांत बारा जणांना उचललं गेलं. त्यांतले बरेचसे सांता क्रूस चर्चमध्ये जमत. लष्कराने उचलून नेलेल्या मुलांची नावं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन छापायची, त्यासाठी ते पैसे गोळा करत होते. त्यांत दोन फ्रेंच जोगिणी होत्या आणि अशा मुलांच्या तीन आया होत्या. त्या तिघींपैकी एक असुसेना व्हिज्याफ्लोर. त्याच वर्षी 30 एप्रिलला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लासा दे मायो या चौकात पहिल्यांदा आयांना घेऊन उभी राहिली ती हीच बाई. जाहिरात छापून आली त्या दिवशी, 10 डिसेंबरला, ती वर्तमानपत्र आणायला घराबाहेर पडली आणि परतली नाही. नौदलाच्या यंत्रशाळेत, ज्या जागेला तिथले लोक एस्मा म्हणतात, तिचा छळ झाला. मग गुंगीचं इंजेक्शन देऊन तिला आणि इतरांना विमानात चढवलं आणि रात्रीच्या अंधारात वरून खाली पाण्यात टाकून दिलं. ला प्लाता नदीचं मुख इतकं रुंद आहे की पलीकडचा काठ दिसत नाही. करणाऱ्यांना वाटलं, विषय संपला.

पाण्याने काही दिवसांतच प्रेतं सांता तेरेसिताच्या किनाऱ्यावर आणून टाकली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी नोंद केली की या जखमा फार उंचावरून पडल्याच्या आहेत. खेनेराल लाव्हाज्ये गावच्या दफनभूमीत त्यांना निनावी म्हणून पुरण्यात आलं. 2005मध्ये मानववंशशास्त्रज्ञांनी हाडांवरून असुसेनाची ओळख पटवली. डॉक्टरांनी केलेली ती नोंद अठ्ठावीस वर्षं शाबूत राहिली होती.

अत्याचाराचा हिशेब मागायला "योग्य वेळ" येईपर्यंत थांबायचं नसतं, कारण ती वेळ कधी येतच नाही. हिशेब मागायचा तो कायद्याच्या कोर्टात, साक्षी-पुराव्यानिशी, आरोपीला वकील देऊन. असा हिशेब अर्धवट राहिला, नंतरच्या सरकारांनी मोडून काढला, तरी कोर्टात एकदा नोंदलं गेलेलं खोडता येत नाही. माझी ही खात्री अर्जेंटिनाच्या 1985 सालावरून झाली आहे.

मागचा तपशील थोडक्यात सांगतो. 24 मार्च 1976 रोजी, आपल्याकडे आणीबाणी चालू असतानाच, तिथल्या लष्कराने इसाबेल पेरोन यांचं सरकार उलथलं. सैन्य, नौदल आणि हवाई दल यांच्या तीन प्रमुखांचं मंडळ राज्य करू लागलं. पुढच्या सात वर्षांत चार मंडळं आली आणि गेली. डाव्या सशस्त्र गटांचा बंदोबस्त हे कारण सांगितलं गेलं. उचलले गेले ते कामगार पुढारी, विद्यार्थी, प्राध्यापक, डॉक्टर, वकील, पाद्री आणि त्यांच्या पत्त्यांच्या वहीत ज्यांची नावं सापडली असे कितीतरी. अटकेचा कागद नाही, कोर्ट नाही, प्रेत नाही. घरच्यांनी पोलीस ठाण्यात विचारलं तर उत्तर एकच, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. 1982मध्ये ब्रिटनशी माल्व्हिनास (फॉकलंड) बेटांसाठी झालेल्या युद्धात हे सेनापती हरले आणि राज्य सोडायची वेळ आली.

जाताना त्यांनी काय केलं? सप्टेंबर 1983मध्ये, निवडणुकीला महिनाभर राहिलेला असताना, स्वतःच्या गुन्ह्यांना स्वतःच माफी देणारा कायदा केला आणि त्याला नाव दिलं राष्ट्रीय शांततेचा कायदा. पेरोनवादी पक्षाचे उमेदवार इतालो लुदेर यांचं म्हणणं पडलं की कायदा झाला तो झाला, आता उलटवता येणार नाही. ते स्वतः कायद्याचे नामांकित पंडित. रॅडिकल पक्षाचे राउल अल्फोन्सिन म्हणाले, मी तो रद्द करणार. 30 ऑक्टोबरला लोकांनी अल्फोन्सिनना निवडून दिलं, आणि नव्या संसदेने केलेला पहिलाच कायदा होता तो ही माफी रद्द करण्याचा.

यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अल्फोन्सिननी एकाच दिवशी, 13 डिसेंबर 1983ला, दोन आदेश काढले. एक होता तीन लष्करी मंडळांवर खटला भरण्याचा, दुसरा सशस्त्र गटांच्या म्होरक्यांवर. मोन्तोनेरोस गटाचा नेता मारिओ फिरमेनिच याला ब्राझीलमधून आणलं गेलं आणि पुढे तीस वर्षांची शिक्षा झाली. "तुम्ही फक्त सैन्याच्याच मागे लागता" असं अजून म्हणणाऱ्यांनी ही तारीख पाहावी. पण दोन्हीकडचे गुन्हे सारख्याच तागडीत तोलायचे हेही मला पटत नाही. बॉम्ब फेकणाऱ्याला पकडायला राज्यापाशी पोलीस असतात, न्यायाधीश असतात, तुरुंग असतात. अर्जेंटिनाच्या लष्कराने तर फाशीची शिक्षासुद्धा कायद्यात परत आणली होती, आणि ती एकदाही उघडपणे वापरली नाही. का नाही? कारण उघडपणे वापरायची तर आरोप सांगावा लागतो, नाव लिहावं लागतं, कुणाची तरी सही लागते. त्यांना मारायचं होतं. सही करायची नव्हती.

तर 1985. वर्षाची सुरुवात, योगायोगाने, आपल्या दिल्लीत झाली. 28 जानेवारीला राजीव गांधींच्या निमंत्रणावरून सहा देशांचे नेते अण्वस्त्रांच्या विरोधात एकत्र आले; स्वीडनचे ओलोफ पाल्मे आणि टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांच्यासोबत अल्फोन्सिनही होते. तेव्हाच्या भारतीय वाचकाने त्यांचा फोटो पाहिला असेल आणि पान उलटलं असेल. हा माणूस घरी परतल्यावर कशाला तोंड देणार आहे याची इथे कुणाला फारशी कल्पना नव्हती.

खटला 22 एप्रिलला उभा राहिला. लष्कराच्या स्वतःच्या कोर्टाला आधी संधी दिली होती. त्या कोर्टाने सेनापतींच्या आदेशांत आक्षेपार्ह काही नाही असं कळवलं, तेव्हा ब्युनोस आयर्सच्या संघराज्य अपील कोर्टाच्या सहा न्यायाधीशांनी प्रकरण हातात घेतलं. नऊ सेनापती आरोपी, त्यांतले तीन माजी राष्ट्राध्यक्ष. सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा आणि त्यांचा तरुण सहकारी लुइस मोरेनो ओकाम्पो यांनी विशी-पंचविशीतली मुलं हाताशी धरून काही महिन्यांत पुरावा उभा केला. हजारो प्रकरणांतून सातशेनऊ निवडली. आठशेहून अधिक साक्षीदार कोर्टात आले.

आणि बाहेर काय चाललं होतं? खटला सुरू होऊन चार दिवस झाले तोच अल्फोन्सिननी लोकांना प्लासा दे मायोमध्ये बोलावलं. बंडाच्या अफवा होत्या, लोकशाही वाचवायला लोक मोठ्या संख्येने आले, आणि त्यांना ऐकायला मिळालं की देशाला युद्धकाळासारखी काटकसर करावी लागणार आहे. जूनमध्ये महागाई एका महिन्यात तीस टक्क्यांनी वाढली. हे वर्षाचे नव्हेत, एका महिन्याचे तीस टक्के. पगार हातात पडला की बाई आधी दुकान गाठायची, कारण आठवड्याने तेच तेल त्या भावात मिळायचं नाही. 14 जूनला जुनं चलन मोडीत काढून आउस्त्राल नावाचं नवं चलन आणलं, हजार पेसोंना एक आउस्त्राल, आणि भाव व पगार दोन्ही गोठवले. सप्टेंबरपर्यंत महिन्याची महागाई दोन टक्क्यांवर उतरली. ऑक्टोबरमध्ये शाळांना बॉम्बच्या धमक्या, ठिकठिकाणी स्फोट, म्हणून साठ दिवसांची आणीबाणी पुकारावी लागली. 3 नोव्हेंबरला त्याच आणीबाणीत संसदेच्या निवडणुका झाल्या आणि अल्फोन्सिनचा पक्ष जिंकला.

हे सगळं मांडून सांगतोय ते एवढ्यासाठी की "आधी देश सावरू दे, मग बघू" असं म्हणायला त्या वर्षी जितकी कारणं होती तितकी क्वचितच कुणाकडे असतील. तिजोरीत खडखडाट, डोक्यावर परदेशी कर्ज, बराकींमध्ये संतापलेलं सैन्य. आणि तरी कोर्ट बसत राहिलं. लोकांनी महागाई आणि खटला दोन्ही एकाच वेळी पेललं, आणि मतपेटीत त्याची पावतीही दिली. सामान्य माणसाला फक्त भाकरीची पडलेली असते हा जो समज सत्ताधारी आणि बरेच शहाणे लोकही बाळगून असतात, तो मला त्या माणसाचा अपमान वाटतो. ज्या बाईला महिन्याच्या शेवटी तेल परवडत नव्हतं, तिलाही आपला मुलगा कुठे आहे हे हवंच होतं.

त्या कोर्टात काय घडत होतं ते एका साक्षीतून सांगतो. 29 एप्रिल 1985. साक्षीदार अद्रियाना काल्वो. ला प्लाता विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारी. तिची साक्ष चित्रफितीवर आहे, पण त्यात तिचा चेहरा दिसत नाही. साक्षीदाराची खुर्ची न्यायाधीशांकडे तोंड करून ठेवलेली आणि कॅमेरा मागे. त्यामुळे दिसते ती फक्त पाठ, केस, मधूनच हलणारा हात. फेब्रुवारी 1977मध्ये तिला उचललं तेव्हा ती सातव्या महिन्याच्या आसपास गरोदर होती. एप्रिलमध्ये कळा सुरू झाल्या. तिला पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर घातलं, डोळ्यांवर पट्टी, हात पाठीमागे बांधलेले. रस्त्यातच बाळ आलं. ती ओरडून सांगत होती की बाळ जन्मतंय, पुढचे हसत होते. मुलगी जन्मली आणि नाळेला लटकत सीटवरून खाली घसरली. आई हात सोडा म्हणून विनवत राहिली, बाळ माझ्याजवळ द्या म्हणत राहिली. हात सोडले नाहीत. दुसऱ्या छळकोठडीत पोचल्यावर वार काढली गेली आणि मग तिलाच, नागव्या अवस्थेत, फरशी धुवायला लावली. त्यानंतर कुठे मुलगी तिच्या हातात दिली.

हे ती थरथरत नाही तर एखादं प्रमेय मांडावं तशा क्रमाने सांगते. तारीख, ठिकाण, सोबत कोण होतं त्यांची नावं. दुसऱ्या कोठडीत भेटलेल्या इतर गरोदर बायांची नावं, ज्यांची मुलं परत दिली गेली नाहीत. त्या दिवशी गाडीत मी स्वतःला शब्द दिला होता, ती म्हणाली, की मुलगी जगली आणि मी जगले तर उरलेलं आयुष्य न्यायासाठी लढेन. 2010मध्ये ती गेली तोपर्यंत तिने तो शब्द पाळला.

ही साक्ष कोर्टात का हवी, आयोगापुढे का पुरत नाही, असं कुणी विचारेल. कारण आयोग तर आधीच झाला होता. लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने सप्टेंबर 1984मध्ये अहवाल दिला, 8,960 बेपत्ता माणसांची नोंद केली, आणि आकडा इथेच संपत नाही असंही लिहून ठेवलं. अहवाल लोकांनी रांगा लावून विकत घेतला. पण आयोगापुढे माणूस बोलतो तेव्हा समोर आरोपी नसतो, त्याचा वकील उलट प्रश्न विचारत नाही, ऐकणाऱ्याला शिक्षा देण्याचा अधिकार नसतो. अद्रियानाला बचाव पक्षाच्या वकिलांसमोर बोलावं लागलं. ती साक्ष कसाला लागली आणि टिकली. म्हणून तिचं वजन वेगळं.

याच कारणासाठी, निकालात चौघे सुटले याने मला वाईट वाटलं तरी मी त्या निकालाच्या बाजूने उभा राहीन. 9 डिसेंबरला न्यायाधीश लेओन आर्स्लानिआन यांनी निकाल वाचला. होर्हे व्हिदेला आणि एमिलिओ मासेरा यांना जन्मठेप. रोबेर्तो व्हिओलाला सतरा वर्षं, आर्मान्दो लाम्ब्रुस्किनीला आठ, ओर्लान्दो आगोस्तीला अवघी साडेचार. गाल्तिएरीसह उरलेले चार निर्दोष. मंडळ म्हणून सगळे मिळून जबाबदार, हे सरकारी पक्षाचं म्हणणं कोर्टाने मानलं नाही. ज्याने त्याने आपापल्या दलापुरतं उत्तर द्यायचं असं धरलं. आगोस्ती ज्या मंडळात होता त्याच मंडळाने सगळं सुरू केलं होतं, आणि त्याला चोरीच्या खटल्यात व्हावी तेवढी शिक्षा. प्लासा दे मायोच्या आया संतापल्या, आणि त्यांचा संताप खरा होता. पण पुराव्यात बसत नाही म्हणून ज्या कोर्टाने सेनापतीला सोडलं, त्याच कोर्टाने पुराव्यात बसतं म्हणून व्हिदेलाला जन्मभर तुरुंगात घातलं. पहिली गोष्ट झाली नसती तर दुसरीला पुढच्या चाळीस वर्षांत कुणीही "विजेत्यांचा न्याय" म्हणून मोडीत काढलं असतं. मासेरा कोर्टात म्हणाला होता की मी बचाव करायला आलेलो नाही, न्याय्य युद्ध जिंकल्याबद्दल कुणाला बचाव करावा लागत नाही. त्याला हे बोलू दिलं गेलं. त्याच्या राज्यात पकडलेल्या एकालाही एवढी मुभा नव्हती.

निकालात तिसाव्या क्रमांकाचा एक परिच्छेद होता. तो तेव्हा फारसा गाजला नाही, पण मला तो अख्ख्या निकालाचं मर्म वाटतो. त्यात कोर्टाने सांगितलं की वरच्यांवर आम्ही निकाल दिला, आता ज्यांच्या हाताखाली विभाग आणि छळकोठड्या होत्या त्या अधिकाऱ्यांचीही चौकशी करा. म्हणजे दार बंद केलं नाही, उघडून दिलं.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतात, पाहा ना पुढे काय झालं. सैन्य खवळलं. डिसेंबर 1986मध्ये सरकारने पूर्णविरामाचा कायदा केला: साठ दिवसांत ज्यांच्यावर आरोप दाखल होतील तेवढेच, नंतर दार बंद. कोर्टांनी सुट्टीतही बसून शेकडो अधिकाऱ्यांवर आरोप दाखल केले. मग एप्रिल 1987मध्ये ईस्टरच्या सुट्टीत काम्पो दे मायोच्या छावणीत अल्दो रिको या लेफ्टनंट कर्नलने बंड केलं. लाखो लोक रस्त्यावर उतरले, अल्फोन्सिन स्वतः छावणीत जाऊन आले आणि जमावाला म्हणाले, घर ठीकठाक आहे, घरी जा. जूनमध्ये आज्ञापालनाचा कायदा आला: खालच्या अधिकाऱ्यांनी हुकूम पाळला, म्हणून ते जबाबदार नाहीत. आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी 1989 आणि 1990मध्ये माफी वाटून व्हिदेला-मासेरालाही सोडलं. मग कशाला केला एवढा उपद्व्याप?

अल्फोन्सिन 1987मध्ये वाकले हे मी नाकारत नाही. त्या ईस्टरच्या रविवारी चौकात उभ्या असलेल्या लोकांची त्यांनी निराशा केली, आणि ती त्यांच्या नावावर कायम राहील. पण "उपयोग काय झाला" हा हिशेब पाच वर्षांत मांडणाऱ्यांना अशा कामाचा पल्ला कळलेला नाही.

1988मध्ये, माफीचे कायदे होऊन गेल्यावर, खटल्याचे न्यायाधीश 147 व्हिडिओ कॅसेट घेऊन नॉर्वेला गेले. खटल्याचं पाचशेहून अधिक तासांचं चित्रण होतं. त्या काळी दूरचित्रवाणीवर रोज फक्त तीन मिनिटं दाखवलं जाई, तेही आवाजाशिवाय, कारण सरकारला धास्ती होती. पुन्हा बंड झालं तर हे चित्रण पहिल्यांदा जाळलं जाईल हे न्यायाधीश ओळखून होते. म्हणून एक प्रत ऑस्लोला, नॉर्वेच्या संसदेच्या स्वाधीन केली. आपल्या देशाच्या कोर्टाचं दप्तर दुसऱ्या देशाच्या तिजोरीत ठेवायला जाणाऱ्या त्या न्यायाधीशांच्या मनात काय चाललं असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो. निकाल मोडला जात होता आणि ते साक्षी वाचवत होते.

त्या साक्षींनी नंतर काम केलं. मूल पळवण्याचा गुन्हा माफीच्या कायद्यांतून वगळलेला होता. हुकूम पाळला म्हणून बाळ चोरलं असं म्हणायला कुणाची जीभ धजावली नाही. ती एक फट पळवलेल्या नातवंडांना शोधणाऱ्या आजींनी धरून ठेवली. रक्ताच्या तपासणीवरून आजी-नातवाचं नातं सिद्ध करण्याची पद्धत शास्त्रज्ञांकडून घडवून घेतली, आणि 1998मध्ये माफी मिळालेला व्हिदेला याच गुन्ह्यासाठी पुन्हा अटकेत गेला. 2003मध्ये संसदेने दोन्ही कायदे रद्दबातल ठरवले, 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य असल्याचा निकाल दिला. तेव्हापासून हजाराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. कोठडीत जन्मलेली मुलं पळवण्याची योजनाबद्ध मोहीम होती हे 1985च्या कोर्टाने मान्य केलं नव्हतं. 2012च्या कोर्टाने केलं आणि व्हिदेलाला पन्नास वर्षांची शिक्षा दिली. अद्रियानाने 1985मध्ये नावानिशी सांगितलेल्या त्या गरोदर बाया कोर्टाच्या दप्तरात तेव्हापासून होत्या. 17 मे 2013 रोजी व्हिदेला मार्कोस पासच्या तुरुंगात मेला.

शेजारच्या ब्राझीलने दुसरी वाट धरली. 1979मध्ये सर्वांना माफीचा कायदा झाला, आणि 1964 ते 1985 राज्य केलेल्या लष्करातला एकही सेनापती छळासाठी शिक्षा होऊन तुरुंगात गेला नाही. सत्य आयोग नेमायला 2012 उजाडलं. लष्करी राजवटीचं उघड कौतुक करणारा माणूस तिथे राष्ट्राध्यक्ष झाला आणि निवडणूक हरल्यावर उठावाच्या कटासाठी 2025मध्ये दोषी ठरला. सोबत सेनापतीही होते. मला यात सरळ कार्यकारण दाखवायचं नाही, अर्जेंटिनाचीही दुखणी कमी नाहीत. पण 1990च्या शेवटच्या बंडानंतर अर्जेंटिनाच्या सैन्याने सत्तेकडे डोळा वर करून पाहिलेलं नाही, आणि हा तो देश आहे जिथे 1930पासून सहा वेळा लष्कराने सरकार उलथलं होतं.

आपल्याकडेही एक धागा आहे. आणीबाणीतल्या ज्यादतींच्या चौकशीसाठी 1977मध्ये न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग बसला, त्याने 1978पर्यंत तीन अहवाल दिले, विशेष न्यायालयांचा कायदाही झाला. 1980मध्ये सरकार बदललं आणि सगळं थंडावलं. अहवालाची प्रत मिळणं इतकं दुरापास्त झालं की माजी खासदार इरा सेझियन यांनी आपल्या संग्रहातली प्रत 2010 साली पुन्हा छापली, म्हणून ती आज वाचायला मिळते. आणीबाणीचा आणि अर्जेंटिनातल्या संहाराचा मी एका मापाने विचार करत नाही. तेवढी भीषणता इथे नव्हती. पण आयोगापुढे जे लोक बोलले त्यांचं बोलणं कोर्टाच्या निकालापर्यंत कधी पोचलं नाही. त्यामुळे आजही कुणीही उठून म्हणू शकतो की असं काही झालंच नव्हतं, किंवा झालं ते योग्यच होतं, आणि त्याला दाखवायला आपल्याकडे निकालपत्राचं पान नाही.

अर्जेंटिनातही आता असं म्हणणारे सत्तेपर्यंत पोचलेत. वाद आकड्यावर घातला जातो: मानवी हक्कांच्या संघटना तीस हजार म्हणतात, आयोगाच्या यादीत नऊ हजारांच्या आत नावं आहेत, म्हणजे तुम्ही खोटं बोलता. हा वाद मला निर्दय वाटतो. किती मारले याची यादी मारणाऱ्यांपाशीच होती. ती त्यांनी ना 1983मध्ये दिली, ना 1985मध्ये कोर्टाने विचारलं तेव्हा, ना त्यानंतर. प्रेतं लपवणाऱ्याने आकड्याचा पुरावा मागायचा आणि आपण तो मुद्दा म्हणून ऐकून घ्यायचा, हे मी करणार नाही.

आणि याद्या कधी कधी भलत्याच जागी शिल्लक राहतात. 1995मध्ये अदोल्फो सिलिंगो या नौदल अधिकाऱ्याने पत्रकाराकडे कबूल केलं की मी अशा विमानांतून माणसं खाली टाकली. त्यानंतर लोक विमानं शोधत राहिले. त्यांतलं एक, स्कायव्हॅन जातीचं, पीए-51 क्रमांकाचं, अमेरिकेत फ्लोरिडात सापडलं. मधल्या काळात ते कितीतरी हातांतून विकलं गेलं होतं, पण विमानाबरोबर त्याची उड्डाणवही जात राहिली होती. 14 डिसेंबर 1977चं पान तिच्यात होतं, वैमानिकांच्या नावांसकट. 2017मध्ये त्यांतल्या हयात असलेल्या दोघांना जन्मठेप झाली. 2023मध्ये विमान परत आणून एस्माच्या आवारात उभं केलं. त्या पानावर नोंद आहे: रात्री ब्युनोस आयर्सच्या शहरातल्या विमानतळावरून उड्डाण, तीन तासांहून अधिक काळ हवेत, आणि उतरलं पुन्हा त्याच विमानतळावर.